खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात नंदी का नाही?

तुम्ही विचारलंय की शंकराच्या एवढ्या मोठ्या देवळात नंदी कसा नाही, आणि त्यामागची कथा खरी मानायची का. माझं आजोळ कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचं. खिद्रापूर तिथून जवळच, त्यामुळे ही कथा मी आधी आज्जीच्या तोंडून ऐकली.

दक्षाने यज्ञाला जावयालाच बोलावलं नाही. तरी सती माहेरी निघाली, म्हणून शंकराने तिला नंदीवर बसवून पाठवलं. तिथे अपमान झाला आणि तिने यज्ञकुंडात उडी घेतली. शंकर कोपला, तो कोपेश्वर. त्याची समजूत काढायला विष्णू आला, तो धोपेश्वर. म्हणूनच गाभाऱ्यात दोन लिंगं आहेत. आणि नंदी? तो सतीबरोबर गेला तो तिकडेच राहिला, कृष्णाकाठच्या यडूरला. यडूर आता कर्नाटकात आहे, आणि तिथलं मोठं देवस्थान वीरभद्राचं, म्हणजे दक्षाचा यज्ञ मोडणाऱ्याचंच. दोन गावांनी मिळून एक कथा सांभाळली आहे, असंच मला वाटतं.

इतिहास वेगळा. बांधकाम मुख्यतः कोल्हापूरच्या शिलाहारांचं, १२ व्या शतकातलं. राजा गंडरादित्याचं नाव प्रामुख्याने घेतात. इथले बरेच शिलालेख जुन्या कन्नडमधले आहेत. दक्षिण दरवाजाजवळचा संस्कृत लेख मात्र नक्की बघा. १३ व्या शतकाच्या सुरुवातीला देवगिरीच्या सिंघण यादवाने जीर्णोद्धारासाठी दान दिल्याची नोंद त्यात आहे. नंदीबद्दल दगडावरचा पुरावा मागाल तर मी आज्जीकडेच बोट दाखवीन. पण म्हणून कथा खोटी, असं मी कुणाला म्हणू देणार नाही. देऊळ बघायचं कसं, हे तीच शिकवते.

आणि देवळापुढचा स्वर्गमंडप! ४८ खांब, मधोमध छताला सुमारे १३ फुटांचा गोल झरोका आणि बरोब्बर त्याखाली तेवढीच गोल शिळा. आतल्या १२ खांबांच्या वर अष्टदिक्पाल आपापल्या वाहनांवर बसलेत. खांबाला हात लावून बघा, काळा दगड चरकावर फिरवल्यासारखा गुळगुळीत लागतो. बाहेर तळाशी हत्तींची रांग आहे, पाठीवर देऊळ पेलल्यासारखी. बऱ्याच हत्तींच्या सोंडा तुटल्यात. ते बघून दर वेळी पोटात कालवतं.

जमलं तर त्रिपुरी पौर्णिमेला या. त्या दिवसांत पौर्णिमेचा चंद्र आपल्याकडे मध्यरात्रीच्या सुमाराला जवळजवळ डोक्यावरून जातो, म्हणून तो झरोक्यात येतो. गर्दी फार होते. लवकर येऊन खांबाला टेकून जागा धरा. चांदणं आधी कडेच्या खांबांवर उतरतं, मग हळूहळू सरकत शिळेवर येतं, आणि मंडपातली कुजबुज आपोआप थांबते.