नर्सिंगची डिग्री : घाई कुठे चालते, कुठे नाही

आधीची एक पदवी हातात आहे, पूर्णवेळ नोकरी चालू आहे, आणि अमेरिकेतल्या पद्धतीचा नर्सिंगचा सव्वा वर्षाचा जलद कोर्स घ्यावा की चार वर्षं अर्धवेळ करावं, असा तुमचा प्रश्न आहे. माझं म्हणणं असं की अख्ख्या डिग्रीला एकच वेग लावू नका. मानसशास्त्र, संख्याशास्त्र, पोषण हे विषय आधी किंवा सुट्टीच्या सत्रात उरकले तरी बिघडत नाही. ज्या सत्रात फार्माकॉलॉजी (औषधशास्त्र) आणि मेडिकल-सर्जिकल (आजारी व शस्त्रक्रियेच्या प्रौढ रुग्णांची शुश्रूषा) एकत्र येतात, तिथे मात्र बाकी सगळं बाजूला ठेवा.

क्रेडिटचा, म्हणजे विषयाचं वजन मोजणाऱ्या एककाचा, आकडा इथे फसवतो. थिअरीच्या एका क्रेडिटला आठवड्याला साधारण १ तास वर्ग आणि २ तास अभ्यास लागतो. क्लिनिकलच्या, म्हणजे हॉस्पिटलमधल्या प्रत्यक्ष कामाच्या, एका क्रेडिटमागे पुष्कळ ठिकाणी ३ तास ड्युटी असते, म्हणून कॉलेजकडून प्रत्यक्ष तासांचं वेळापत्रक मागा. १२ तासांच्या दोन ड्युट्या, आदल्या संध्याकाळी पेशंटचं निदान, रिपोर्ट आणि प्रत्येक औषध वाचायला दोन-तीन तास, नंतर केअर प्लॅन, म्हणजे पेशंटच्या शुश्रूषेचा आराखडा, लिहायचा. एवढ्यातच ३५ तास जातात. थिअरी धरून ६०. त्यावर ४० तासांची नोकरी आणि ५६ तासांची झोप. आठवड्याचे तास १६८, म्हणजे प्रवास, स्वयंपाक, मुलं, आजारपण या सगळ्याला उरले १२. नोकरी न सोडता जलद कोर्स करण्याचा विचार इथेच थांबवावा. रात्रपाळी करून सकाळी थेट वॉर्डात जाणं तर नकोच.

त्याचं कारण एका उदाहरणावरून बघा. २५० मिलीमध्ये २५,००० युनिट हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध), म्हणजे १ मिलीत १०० युनिट. ऑर्डर ताशी किलोमागे १८ युनिटची, पेशंट ७० किलोचा. १८ गुणिले ७० म्हणजे १,२६० युनिट, पंपावर ताशी १२.६ मिली. झोप नसलेल्या डोळ्यांना तो दशांश दिसला नाही तर १२६ लागतात, दहापट डोस. वॉर्डात सोडण्याआधी डोसच्या गणिताच्या परीक्षेत पुष्कळ ठिकाणी ९० टक्के किंवा त्याहून जास्त गुण मागतात, ते याचसाठी.

गणित पाठ होतं, समज यायला वेळ लागतो. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध देण्याआधी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण १ मिनिट ठोके मोजायचे, प्रौढात ६० च्या खाली असतील तर डोस थांबवून डॉक्टरांना कळवायचं, हे कोणीही घोकेल. पण त्याच पेशंटला फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) चालू आहे, त्याने पोटॅशियम उतरतं आणि पोटॅशियम उतरलं की डिगॉक्सिनची विषबाधा लवकर होते. ही साखळी डोक्यात जुळायला फिजिऑलॉजी (शरीर कसं चालतं याचं शास्त्र) ताजी आणि पक्की लागते. ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीत काठावर पास झाला असाल तर जलद कोर्स घेऊ नका.

फार रेंगाळण्याचेही तोटे आहेत. पूर्वतयारीच्या विज्ञान विषयांचे गुण काही कॉलेजं ५ ते ७ वर्षांपर्यंतच धरतात, डिग्री संपवायलाही कमाल मुदत असते. क्लिनिकलमध्ये वर्षभराचा खंड पडला की हात विसरतात, कॅथेटर घालताना निर्जंतुक हातमोजा नेमका कुठे टेकला हे कळेनासं होतं. परवान्याची परीक्षाही शिक्षण संपल्यावर लगेच दिलेली बरी.

प्रवेशाआधी तीन गोष्टी लेखी विचारून घ्या. मुख्य विषय वर्षातून किती वेळा चालवतात? एकदाच असेल तर एक विषय राहिला की अख्खं वर्ष जातं, आणि घाईचा सगळा फायदा तिथेच संपतो. किती विषय राहिले की नाव काढतात? पुष्कळ ठिकाणी दोन. आणि जलद तुकडीतून अर्धवेळ तुकडीत मधूनच जाता येतं का? उत्तर ‘हो’ असेल, वर्षभराचा खर्च निघेल एवढी शिल्लक असेल आणि नोकरी सोडायची तयारी असेल, तर जलद कोर्सला हात घाला. नाहीतर मधला मार्ग बरा: विज्ञान विषय नोकरी सांभाळून आधी करा, आणि क्लिनिकल सुरू झालं की नोकरी आठवड्याला १२ ते १६ तासांवर आणा.

विषय सोडण्याची शेवटची तारीख पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून ठेवा. पहिल्या दोन चाचण्यांचे गुण त्या तारखेआधी हातात येत असतील आणि दोन्हींत काठावर असाल, तर एक विषय तेव्हाच सोडा. मुदतीत सोडलेला विषय पुष्कळ ठिकाणी नापास म्हणून मोजत नाहीत, पण तुमच्या कॉलेजचा नियम आधी बघा.