डोळे मिटले की धडधड वाढते, मग योगनिद्रा करायची कशी?

योगनिद्रा म्हणजे आडवं पडून, सूचना ऐकत शरीर-मन सैल सोडण्याचा सराव. तो शिकवताना हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो, आणि विचारणाऱ्याने बहुतेक वेळा आधीच ठरवून टाकलेलं असतं की हे काही आपल्याला जमणारं नाही. म्हणून वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये हिशेब बघणाऱ्या एका काकांबद्दल सांगते, त्यांना विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

काकांची अँजिओप्लास्टी झालेली, रिपोर्ट चांगले, डॉक्टर म्हणाले बिनधास्त चाला-फिरा, पण रात्री पाठ टेकली की ठोके कानात ऐकू यायचे आणि झोप उडायची. मुलीने मोबाईलवर योगनिद्रेचा ऑडिओ लावून दिला. त्यातली बाई म्हणाली "छाती जड होत चाललीय" आणि काका ताडकन उठून बसले! अहो, छातीत जड वाटलं म्हणूनच ज्याला अ‍ॅडमिट केलं होतं त्याला तेच आठवायला लावलं तर तो घाबरणार नाही तर काय करणार. काकूंनी त्यांना ठाण्याला माझ्याकडे आणलं तर पहिलंच वाक्य, "मॅडम, माझं डोकं बिघडलंय का हो?"

डोकंबिकं काही बिघडलेलं नव्हतं. आधी धडधडीबद्दल कार्डिओलॉजिस्टना परत दाखवून यायला सांगितलं, ते मी कधीच सोडत नाही. ते ओके म्हणाल्यावर मग बसलो.

आज जी योगनिद्रा बहुतेक ठिकाणी शिकवतात ती बिहारमधल्या मुंगेरच्या स्वामी सत्यानंद सरस्वतींनी न्यासाच्या, म्हणजे मंत्र म्हणत एकेका अवयवाला स्पर्श करण्याच्या, जुन्या विधीवरून बसवलेली आहे. शवासन, संकल्प म्हणजे मनात म्हणायचं एक छोटं वाक्य, मग उजव्या अंगठ्यापासून एकेका अवयवावर लक्ष नेणं, श्वास उलटा मोजणं, जड-हलकं, गरम-थंड अशा उलटसुलट जाणिवांच्या जोड्या, मग डोळ्यांपुढे चित्रं. सुरुवातीला हे सगळं घ्यायलाच पाहिजे असं अजिबात नाही. काकांना पाठीशी उशा दिल्या, डोळे अर्धवट उघडे ठेवायला सांगितले, अवयवांमधून छाती वगळली आणि जड-हलकं तर काढूनच टाकलं. फक्त अवयव आणि श्वास, दहाएक मिनिटं, बास.

संकल्प विचारला तर म्हणाले, "मला परत अटॅक येणार नाही." म्हणजे शांत व्हायला झोपायचं आणि सुरुवातच अटॅकपासून! तो बदलून "मी निवांत आहे" एवढाच ठेवला.

आणि श्वासांची २७ पासून उलटी मोजणी. हिशेबाचा माणूस, एक आकडा चुकला की कपाळाला आठी. "चुकलं तर परत २७ पासून, इथे ऑडिट नाहीये" म्हटल्यावर पहिल्यांदा हसले.

धडधड पूर्ण गेली का? नाही. अधूनमधून ऐकू येते, पण आता उठून बसत नाहीत, कूस बदलतात आणि बऱ्याचदा झोप लागते. गोळ्या आणि फॉलोअप चालूच आहेत, योगनिद्रा त्यांच्या बदल्यात नाही, सोबतीला आहे. ज्यांच्या मागे एखादा मोठा धक्का किंवा अत्याचार आहे त्यांनी मात्र नुसत्या ऑडिओच्या भरवशावर एकट्याने सुरू करू नये, डोळे मिटल्यावर नको ते वर येऊ शकतं, जाणकार माणूस सोबत हवा.

राहता राहिला दुसरा नेहमीचा प्रश्न, मध्येच झोप लागली तर. योगनिद्रेत खरं तर जागं राहायचं असतं, पण दमलेलं शरीर झोपलं तर झोपू द्या, चुकलं वगैरे काही नाही. काकू पण आता शेजारी चटई टाकतात आणि उजवा हात संपायच्या आत घोरायला लागतात, काकांची तक्रार सध्या तेवढीच आहे.