‘नौ लिंग’मधलं ‘नौ’ नऊ नव्हे आणि ‘लिंग’ही ते नव्हे

प्रश्न असा आहे : ‘मुरूडला जाताना कोर्लईचा किल्ला पाहिला. खालच्या गावातले ख्रिस्ती लोक घरात “नौ लिंग” नावाची भाषा बोलतात असं कळलं. तिथे कधी महादेवाची नऊ लिंगं होती का? की हे व्याकरणातलं लिंग? आणि हे लोक पोर्तुगीजांचे वंशज का?’

नऊ लिंगांची शंका रास्तच. खाडीपलीकडे चौलचा रामेश्वर आहे, तेव्हा मन तिकडे धावणारच. पण हे लिंग संस्कृतातलं नाही. पोर्तुगीजमध्ये ‘लिंग्वा’ म्हणजे जीभ आणि भाषाही. ‘नॉस्सा लिंग्वा’ म्हणजे आमची भाषा. त्याचंच कोर्लईच्या तोंडी ‘नॉ लिंग’ झालं. कुणीतरी देवनागरीत ‘नौ’ लिहिलं आणि हिंदीतला नऊ आत शिरला. माझ्या मते ‘नॉ’च लिहावं, निम्मा घोटाळा तिथेच मिटतो.

संस्कृत ‘लिंग’ म्हणजे खूण, चिन्ह. त्याचं लॅटिन ‘लिंग्वा’शी काही नातं नाही, ध्वनी जुळले एवढंच. उलट लिंग्वाची खरी दूरची बहीण संस्कृतात दुसऱ्याच वेषात वावरते, ती म्हणजे जिह्वा, आपली जीभ. लिंग्वाचा ‘वा’ गळाला याचं नवल वाटायला नको. ‘घर’ लिहिताना शेवटी ‘अ’ असतो, पण बोलताना आपणही ‘घर्’च म्हणतो. शेजार मराठीचा, तेव्हा शब्दांची शेपटं तिथेही झडली.

भाषेचं नाव नुसतं ‘आमची’ असणं आपल्याकडे नवं नाही. चित्रापूर सारस्वत आपल्या कोकणीला ‘आमचीगेले’ म्हणतात. भाषेला बाहेरचा माणूस नाव देतो, आतल्याला ‘आमची’ पुरते. म्हणून अभ्यासक ‘कोर्लई पोर्तुगीज क्रिओल’ म्हणतात (क्रिओल म्हणजे भाषांच्या संपर्कातून घडलेली मिश्र भाषा), काही जण ‘क्रिस्ती’ म्हणतात, आणि घरात ती नॉ लिंगच राहते.

आता वंशजांचं. निजामशाहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी १५२१ साली चौलला, म्हणजे आजच्या रेवदंड्याला, किल्ल्याचं काम काढलं. कुंडलिकेच्या मुखाशी समोर जी डोंगराची सोंड समुद्रात घुसली आहे, ती १५९४ साली त्यांनी निजामशाहीकडून जिंकली. तोच कोर्लईचा किल्ला. १७४० साली हा सगळा मुलूख मराठ्यांकडे आला आणि अधिकारी, शिपाई, पैसेवाले निघून गेले. मागे राहिली ती बहुतेक इथलीच, धर्म बदललेली गरीब माणसं. त्यांच्यात थोडंफार पोर्तुगीज रक्त असेलही, पण भाषा रक्तातून आलेली नाही. ती धन्याच्या घरात, शिबंदीत आणि चर्चमध्ये रोजच्या व्यवहारातून घडली.

धनी गेल्यावरही ती टिकली, हा खरा नवलाचा भाग. मुंबईच्या आसपास अशीच एक बोली होती, ती मावळली. दमण-दीवच्या बोली अजून आहेत, पण तिथे पोर्तुगीज सत्ता १९६१ पर्यंत होती. कोर्लईत ती सव्वादोनशे वर्षं आधीच संपली होती! मग भाषा टिकली कशी? सोयरीक आपल्यातच, चर्च आपलं, धंदा शेतीचा (मासेमारी शेजारच्या कोळ्यांची), आणि मधे खाडी. पूल झाला तो गेल्या शतकाच्या उत्तरार्धात. आज ही भाषा बोलणारे जेमतेम हजाराच्या घरात आहेत. शाळा मराठी, बाजार मराठी, म्हणजे प्रत्येकाला दोन भाषा येतातच.

मराठी या भाषेच्या पार हाडात शिरली आहे. पोर्तुगीजमध्ये क्रियापद वाक्याच्या मधे येतं, इथे मराठीसारखं शेवटी. मराठीकडून घेतलेल्या क्रियापदांसाठी तर वेगळा वर्गच आहे. पोर्तुगीजमधून आलेली ‘अ’, ‘ए’, ‘इ’ने संपतात, जसं गाणं म्हणजे ‘काता’, पिणं म्हणजे ‘बेबे’. मराठी पाहुणी मात्र ‘उ’ने संपतात. आपलं लोटणं तिथे ‘लोटु’ होतं. आपण पोर्तुगीजांकडून साबण, चावी, बादली, पगार ही नामं घेतली, कोर्लईकरांनी आपल्याकडून क्रियापदं नेली.

राहिलं व्याकरणातलं लिंग. पोर्तुगीजमध्ये दोन लिंगं, मराठीत तीन. या दोन्हींच्या मधे वाढलेल्या नॉ लिंगमध्ये मात्र नामांना लिंगच नाही.