मुलगी पहिल्यांदाच पोहण्याच्या स्पर्धेत उतरते आहे. घरच्यांनी काय तयारी करावी?

तुम्ही लिहिलंय की मुलगी ९ वर्षांची आहे, दीड वर्ष टँकवर जातेय आणि सरांनी जिल्ह्याच्या स्पर्धेत तिचं नाव दिलंय, ५० मीटर फ्री (फ्रीस्टाइल) आणि ५० मीटर ब्रेस्टला (ब्रेस्टस्ट्रोक). घरात कुणी स्पर्धा पाहिलेली नाही, तेव्हा काय न्यायचं, किती वाजता पोचायचं आणि तिला काय सांगायचं, असा तुमचा प्रश्न आहे.

आधी माझी पात्रता सांगतो. मी पोहायला शिकलो ते गावच्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. काकानं वरून ढकललं, दोन गटांगळ्या खाल्ल्या, झालं शिक्षण. ब्रेस्ट, बॅक, फ्लाय (म्हणजे बटरफ्लाय) ही पोहण्याच्या प्रकारांची नावं मला मुलीमुळे कळली. ती आता १३ वर्षांची आहे. पुण्यात आणि आसपास तिच्यामागे हिंडून हिंडून आमच्या गाडीच्या डिकीला क्लोरिनचा वास लागलाय, तो काही जात नाही.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. दोन्ही इव्हेंट धरून तुमची मुलगी पाण्यात असणार फार तर अडीच-तीन मिनिटं. बाकी सकाळी सातपासून दुपारी दोन-अडीचपर्यंत नुसतं थांबायचं असतं. ती पाण्यात काय करेल ते सरांनी दीड वर्षात करून घेतलंय, त्यात आता तुम्ही काही भर घालू शकत नाही. हे थांबणं तेवढं तुमच्या हातात आहे. आणि पोरं दमतात ती त्या थांबण्यानंच.

आमची पहिली स्पर्धा एका क्लबच्या २५ मीटरच्या तलावावर होती, भर पावसाळ्यात. मी एकटाच तिला घेऊन गेलो, ही पहिली चूक. मुलींच्या चेंजिंग रूममध्ये बापाला जाता येत नाही. आत माझी लेक लांब केसांवर रबरी टोपी चढवायला झगडतेय, बाहेर मी दारापाशी उभा राहून "झालं का गं?" म्हणतोय, आणि माइकवरून तिच्या हीटचा, म्हणजे एका वेळी पोहणाऱ्या गटाचा, पुकारा चाललाय. शेवटी दुसऱ्या एका मुलीच्या आईनं तिचा अंबाडा वळून टोपी बसवून दिली. तेव्हा आई, आजी, मावशी, कुणीतरी बाईमाणूस सोबत असू द्या. आणि टोपी घालायची सवय घरी करा, आतून थोडं पाणी लावून. कोरडी टोपी केस ओढते.

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी आहे. ५० मीटर ब्रेस्टला ती तिच्या हीटमध्ये दुसरी आली. मी लगेच फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, "दुसरा नंबर!!" आत्या, मामा, साताऱ्याचे काका, सगळ्यांचे पेढे आणि टाळ्या सुरू. तासाभरानं भिंतीवर निकालाचा कागद चिकटवला, त्यात तिच्या नावापुढे वेळच नाही, नुसतं डीक्यू. म्हणजे बाद. टर्नला, म्हणजे भिंतीशी वळताना, तिनं भिंतीला एकच हात लावला होता. ब्रेस्ट आणि बटरफ्लायला टर्नला आणि शेवटी दोन्ही हात एकाच वेळी लागावे लागतात. फ्रीला तशी अट नाही. मला मागाहून आठवलं की ती टर्न घेताना काठावरच्या एका पंचांनी हात वर केला होता. मला वाटलं, कुणाला तरी बोलावतायत! शिवाय हीटमधला दुसरा म्हणजे स्पर्धेतला दुसरा नव्हे. पाच हीट असतील तर सगळ्यांच्या वेळा एकत्र लावून क्रमांक ठरतात. कागद चिकटेपर्यंत ग्रुपवर काही टाकू नका.

तुमच्या मुलीचाही ब्रेस्ट आहे, म्हणून आत्ताच सरांना विचारा, टर्नला दोन हात पक्के आहेत का. आमच्या सरांनी त्यानंतर दोन आठवडे तिच्याकडून तेवढंच करून घेतलं. पाच मीटरवरून यायचं, दोन तळवे भिंतीला, वळायचं, पुन्हा. रात्री पलंगाच्या कडेलाही ती दोन्ही हात आपटायची.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं आहे, पण घोळ तिथेच होतो. जन्मदाखला आणि आधारची मूळ प्रत, दोन-दोन झेरॉक्स, चार फोटो, सगळं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. जलतरण संघटनेच्या स्पर्धा आणि शाळेच्या स्पर्धा वेगवेगळ्या असतात, हेही समजून घ्या. संघटनेच्या स्पर्धेत वयाचे गट लहान असतात, वय सहसा त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला धरतात, आणि पुढे जायचं तर स्विमिंग फेडरेशनचा नोंदणी क्रमांक लागतो. तो क्लबमधून काढून मिळतो. शाळेच्या स्पर्धा शासनाच्या क्रीडा खात्याकडून होतात, १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा गटांत. तिथे तुमची ९ वर्षांची मुलगी १३ वर्षांच्या मुलींशेजारी ब्लॉकवर, म्हणजे सूर मारायच्या ओट्यावर, उभी राहील आणि त्यांच्या खांद्याला लागेल. ते आधी सांगून ठेवा, नाहीतर ती तिथेच अर्धी हरते.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी स्टार्ट लिस्ट येते, म्हणजे कोण कुठल्या हीटमध्ये आणि कुठल्या लेनला (दोरीनं आखलेल्या पट्ट्यात) त्याची यादी. ती वाचायला शिका, दिवस सोपा होतो. आठ लेनच्या तलावात नोंदवलेल्या वेळेनुसार सगळ्यात वेगवान मुलगी चारमध्ये, पुढची पाचमध्ये, मग तीन, सहा, दोन, सात, एक, आठ. म्हणून मधल्या लेन पुढे आणि कडेच्या मागे, असा बाणासारखा आकार दिसतो. पहिल्यांदा उतरणाऱ्या मुलीची वेळच नोंदलेली नसते, म्हणून ती पहिल्या हीटमध्ये आणि बहुधा कडेच्या लेनला. तिथे कुणी तिला हिणवलेलं नसतं. आमच्या आईला मात्र पहिल्या वेळी वाटलं होतं की नातीला मुद्दाम कोपऱ्यात टाकलंय, आणि ती पंचांशी भांडायला उठली होती. बऱ्याच मुलांच्या हातावर मार्करनं इव्हेंट, हीट आणि लेन लिहिलेली दिसेल. तुम्हीही लिहा, पण पेनानं नको, पुसलं जातं. आणि सनस्क्रीन लावायचं असेल तर ते आधी, लिहिणं नंतर. उलट केलं तर आकडे कोपरापर्यंत ओघळतात.

शिट्ट्यांचा अर्थ तिला येतो का तेही बघा. आधी भराभर छोट्या शिट्ट्या, म्हणजे टॉवेल-बिवेल काढून तयार व्हा. मग एक लांब शिट्टी, ब्लॉकवर चढा. मग "टेक युअर मार्क्स", मग सिग्नल. बॅकला मात्र लांब शिट्टी झाली की पाण्यात उतरायचं आणि दुसऱ्या लांब शिट्टीला भिंतीशी यायचं. सिग्नलच्या आधी सूर मारला तर बाद, दुसरी संधी नाही. आम्ही घरी दिवाणावर उभं करून हे खेळायचो. धाकटा तेव्हा दोन वर्षांचा, तो शिट्टी वाजवायचा, केव्हाही, कितीही. तिची चुळबुळ त्यानंच थांबली बहुतेक.

सामानात खर्च गॉगलवर करा, कॉश्च्युमवर नको. काही हजारांचा रेसिंग सूट घातलेल्या मुली दिसतील. जिल्ह्याच्या पहिल्या स्पर्धेला रोजचा, अंगाला नीट बसणारा कॉश्च्युम पुरे. दोन मात्र हवेत, कारण पहिला इव्हेंट सकाळी आणि दुसरा दुपारी असला तर ओला कॉश्च्युम घालून मूल चार तास कुडकुडतं. गॉगलही दोन, दोन्ही वापरलेले. नवा कोरा गॉगल स्पर्धेच्या दिवशी काढू नका. सूर मारला की सैल गॉगल हनुवटीवर येतो किंवा त्यात पाणी भरतं. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायला अमेरिकेच्या मायकेल फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी भरलं होतं. तो हात मोजत पोहला आणि १ मिनिट ५२.०३ सेकंदांत विश्वविक्रमासह सुवर्ण घेऊन गेला. आमच्या सरांची ही लाडकी गोष्ट, आणि तिला जोडून दुसरी ठरलेली, की त्याच बीजिंगमध्ये आपल्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे १६ वर्षांचा असताना उतरला होता. पोरांना फेल्प्सपेक्षा कोल्हापूरची गोष्ट जास्त पटते, असा माझा अनुभव. काही असो, गॉगल निघाला तरी थांबायचं नाही, पोहत राहायचं, हे तिला सरावात एकदा मुद्दाम करायला लावा.

टॉवेल तीन घ्या. पावसाळ्यात एकही वाळत नाही. बसायला जुनी सतरंजी, पायात रबरी चप्पल, अंगात स्वेटर किंवा मोठा जुना शर्ट. बाकी सामान तुम्हाला सुचेलच.

खाण्याचं मी माझ्या आईवर सोपवतो. पहिल्या वेळी बाहेर गाडीवर गरम वडापाव दिसला आणि मी तिला घेऊन दिला, पाऊण तासावर इव्हेंट असताना. सूर मारल्यावर तो वर आला म्हणे. आता आई सकाळी पोळीचे लाडू करते, शिळ्या पोळीचा बारीक कुस्करा, गूळ, तूप, लिंबाएवढे छोटे. दोन इव्हेंटच्या मध्ये एक लाडू किंवा अर्धं केळं, मीठ-साखरेचं लिंबू सरबत घोट घोट. पोटभर जेवण शेवटचा इव्हेंट झाल्यावर. दुसऱ्या मुलांनाही लाडू जातात, म्हणून डबा मोठा न्यावा लागतो. वडापाव तेव्हा, सगळं संपल्यावर, जरूर.

तलाव किती मीटरचा आहे ते आधी विचारा आणि जमलं तर आदल्या दिवशी दाखवून आणा. माझी मुलगी बालेवाडीच्या क्रीडासंकुलात पहिल्यांदा गेली, १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेलं ते, तेव्हा ५० मीटरचं ते निळं पाणी बघून माझा हात धरून म्हणाली, "बाबा, भिंत कुठंय?" २५ मीटरच्या तलावात ५० मीटरला मध्ये एक टर्न मिळतो, भिंतीला पाय मारून वेग घेता येतो. मोठ्या तलावात सलग हात मारत जावं लागतं, त्यामुळे वेळ जास्त लागते. हे मला ठाऊक नव्हतं. "मागच्या वेळेपेक्षा स्लो का?" असं मी तिला पाण्यातून बाहेर आल्या आल्या विचारलं. ती काही बोलली नाही. टॉवेल डोक्यावरून घेऊन बसून राहिली. ते माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही.

म्हणून बाहेर आल्यावर काय बोलायचं, तर जवळजवळ काहीच नाही. वेळ सांगायला सर आहेत. आणि काठावरून तुम्ही मोबाइलवर घेतलेली वेळ चुकीचीच असते. आमच्या क्लबच्या छोट्या स्पर्धेत मला एकदा स्टॉपवॉच देऊन उभं केलं होतं, तेव्हा हे समजलं. एका लेनला तिघं जण, तिघांच्या वेळा वेगळ्या, आणि ग्राह्य धरतात ती मधली. माझी वेळ त्या दिवशी एकदाही मधली आली नाही! आमच्या आईला तर सेकंद-बिकंद कळत नाही. नात बाहेर आली की ती तिचे कान पुसते आणि विचारते, "गार होतं का गं पाणी?" मग मुलगी आपणहून सगळं सांगते, कोण पुढे होती, कुठे दम लागला, शेजारच्या लेनच्या मुलीनं दोरी कशी धरली. पुढच्या दोन-तीन वर्षांत मी हळूहळू गप्प राहायला शिकलो. अजूनही कधी कधी तोंडातून निघतंच.

धाकटं भावंड असेल तर त्याला न्यायचं की नाही, यावर आमच्यात दर वेळी वाद होतो. बायको म्हणते घरी ठेवा, तो तिसऱ्या तासाला रडतो. मी नेतो. रंगीत खडू आणि वही द्या, आणि ताईच्या हीटच्या वेळी त्याला खांद्यावर घ्या. एरवी त्याला फक्त माणसांच्या पाठी दिसतात.

सरांनी सांगितलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोचा, वॉर्मअप चुकवू नका. वेळापत्रकावर दहा लिहिलं असेल तर बारा धरा, पण चहाला तलावापासून लांब जाऊ नका. कधी कधी चार-पाच मुली येतच नाहीत, हीट एकत्र करतात आणि पुकारा अर्धा तास आधी होतो. फोटो काढताना फ्लॅश बंद.

आणि गाडीनं जाणार असाल तर मागच्या सीटवर टाकायला एक जुनी चादर ठेवा. परतीच्या वाटेवर ती दहा मिनिटांत झोपेल, ओल्या केसांनी, बहुतेक हातात अर्धा लाडू धरून.