बाबांना घरी कधी न्यायचं?

प्रश्न : माझे बाबा ६८ वर्षांचे, एसटीत ड्रायव्हर होते, शुगर आहे. बायपास झाली, आठवड्याभरात सोडतो म्हणाले होते पण छातीच्या जखमेत इन्फेक्शन झालं, परत उघडली, मग व्हेंटिलेटर, गळ्याला भोक. आयसीयूत रात्री उठून गाडी डेपोत लावायचीय म्हणायचे. आता अडीच महिने झालेत, जखम भरलीय, रिहॅबला आहेत पण चार पावलं टाकली की बसतात, म्हणतात पुरे झालं, घरी ने. शेजारचे काका आठव्या दिवशी चालत घरी आले होते. नेऊ का?

उत्तर : ताई, आधी त्या शेजारच्या काकांना बाजूला ठेवा, त्यांचं नुसतं ऑपरेशन झालं, तुमच्या बाबांचं ऑपरेशन आणि वर एक मोठं आजारपण. आयसीयूत पडून राहिलं की पहिल्या दहा दिवसांतच मांडीचं मांस उतरतं, शिवाय इन्फेक्शनमुळे नसाही (रक्ताच्या नाही, स्नायूंना हुकूम देणाऱ्या) दुबळ्या होतात, म्हणजे हार्ट ठीक चाललं तरी पाय साथ देत नाहीत. आळस नाहीये तो. आणि डेपोचं म्हणाल तर ते वेड नव्हतं, डिलिरियम म्हणतात त्याला, म्हणजे आजारपणात काही काळ डोक्यात गोंधळ होणं, हार्टच्या ऑपरेशननंतर बऱ्याच जणांना होतो. पण पेशंटला नंतर ते अर्धवट आठवतं आणि लाज वाटते, त्यामुळे घरच्यांनी त्यावरून हसू नये (आम्ही डॉक्टर लोकही कधीकधी हसतो, चूकच आहे).

एक गोष्ट रोज बघतो. नातेवाईक प्रेमाने पेशंटचे दोन्ही हात धरतात आणि ओढून बसवतात. नका करू! छातीचं हाड तारेने बांधलेलं असतं, इन्फेक्शन झालं असेल तर कधी ती तारही काढून छातीचा स्नायू वळवून जखमेवर बसवलेला असतो, तेव्हा हाताने किती जोर लावायचा ते सर्जनलाच विचारा. कुशीवर वळवायचं, पाय खाली सोडायचे, मग पाठीला आधार देत बसवायचं, आणि मिनिटभर तसंच बसू द्यायचं कारण बीपी एकदम उतरून चक्कर येते. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची.

बाबांना बीटा ब्लॉकरची, म्हणजे हार्टचे ठोके आवरणारी गोळी चालू असेल तर दमले तरी नाडी फार वाढणार नाही, म्हणून फिजिओ किती दमलात त्याचा ६ ते २० मध्ये आकडा विचारतात, ६ म्हणजे निवांत आणि २० म्हणजे जीव जातोय. साधारण ११ ते १३ वर थांबवतात. चार पावलांतच १३ म्हणत असतील तर चार पावलं, बसणं, परत चार, असं दिवसातून पाच-सहा वेळा. नुसती पेज पाजत बसू नका, किडनीचा त्रास नसेल तर अंडं, डाळ, दही हवंच, आहारतज्ज्ञांना विचारून. रोज रडत असतील, जेवण टाकत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यावर उपचार आहेत.

घरी कधी? खाटेवरून संडासापर्यंत स्वतः जाऊन आले की. घाई केलीत तर पडतील. तोवर एक काम करा, घरचा जिना मोजा आणि फिजिओला सांगा, सोळा पायऱ्या असतील तर ते वॉर्डातल्या जिन्यावर सोळाच करून घेतील.