उन्हाळ्यात कोरडा पडलेल्या डोंगरनाल्यात पहिल्या पावसानंतर मासे कुठून येतात?

आभाळातून पडत नाहीत, आमची आजी काहीही म्हणो! नागपूरकरांना जवळचं उदाहरण पेंचचं. एप्रिल-मेमध्ये सातपुड्यातल्या या नदीची धार तुटते, उरतात फक्त डोह. पेंचवरच्या तोतलाडोह धरणाच्या नावातही तोच डोह आहे. मासे तिथेच तग धरतात. मरळ तर तोंड वर काढून हवाच घेते, त्यामुळे कोमट, गढूळ पाणीही तिला चालतं.

जूनअखेर लोंढा आला की उलटा प्रवास सुरू होतो. अंगात अंडी भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध नाल्यात चढतात. हेच चढणीचे मासे. वर पाण्यात प्राणवायू भरपूर, पिल्लांना खाणारे मोठे मासे कमी.

खरी विविधता बघायची तर ऑक्टोबरमध्ये, पाणी निवळल्यावर जा. वाहत्या पाण्यातला दगड हळूच उचला. खाली बोटभर मल्या नावाचा मासा चिकटलेला दिसेल. त्याच्या हनुवटीखाली चकतीसारखं चोषक असतं, म्हणून तो धारेत वाहून जात नाही. शेजारच्या संथ डबक्यात वेगळीच मंडळी: दांडवणसारखे छोटे मासे.

धरणाच्या भिंतीपाशी मात्र ही चढण थांबते. आणि चढणीच्या दिवसांत नाल्याच्या तोंडाशी जाळं लावणं म्हणजे पुढच्या वर्षीचे मासे आजच खाणं.