राजकीय निर्बंधांमुळे विद्यापीठांचं नेटवर्क खरंच तोडलं जातं का? आणि ते योग्य आहे का?

हो, तोडलं गेलंय. मी नेटवर्क सांभाळण्याचं काम करतो, त्यामुळे या विषयाकडे मला तटस्थपणे बघता येत नाही, हे आधीच सांगतो.

सगळ्यात ठळक उदाहरण युगोस्लाव्हियाचं. ३० मे १९९२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव ७५७ मंजूर केला. बोस्नियातल्या युद्धामुळे सर्बिया आणि माँटेनेग्रोवर, म्हणजे तेव्हा युगोस्लाव्हियात उरलेल्या भागावर, व्यापार, विमानसेवा, खेळ अशी सगळीकडून बंदी आली. खेळाचं पुष्कळांना आठवत असेल. त्यांच्या संघाला युरो फुटबॉल स्पर्धेतून काढलं, आयत्या वेळी डेन्मार्कला बोलावलं आणि डेन्मार्कने स्पर्धा जिंकली. त्याच ठरावात वैज्ञानिक आणि तांत्रिक सहकार्य थांबवण्याचंही कलम होतं. सर्बियाची राजधानी बेलग्रेडचं विद्यापीठ तेव्हा ‘अर्न’ या युरोपच्या शैक्षणिक नेटवर्कवर होतं. अमेरिकी विद्यापीठांना जोडणाऱ्या ‘बिटनेट’चं युरोपातलं भावंडच ते. १९९२ मध्येच ती जोडणी तोडण्यात आली.

तोडणं अवघडही नव्हतं. अर्नची रचना झाडासारखी होती. पत्र, म्हणजे ई-मेल, एका संगणकावरून पुढच्या संगणकावर, तिथून त्याच्या पुढच्या, असं जायचं आणि दोन ठिकाणांमध्ये वाट एकच असायची. शेजारच्या केंद्राने यादीतून नाव काढलं की संपलं. वळसा घालून जायला दुसरी फांदीच नाही.

मला खरं खटकतं ते पुढे. त्या कलमात सरकारने पुरस्कृत केलेल्या किंवा सरकारचं प्रतिनिधित्व करणाऱ्या व्यक्ती आणि गट, असे शब्द आहेत. तार मात्र सगळ्यांचीच गेली. त्याच जूनमध्ये बेलग्रेडचे विद्यार्थी सर्बियाचे अध्यक्ष मिलोशेविच यांच्या राजीनाम्यासाठी विद्यापीठात ठाण मांडून बसले होते! ज्यांचा आवाज बाहेर पोचायला हवा होता, त्यांचीच पत्रं अडली.

लोकांनी वाट काढली, हे मला फार मोलाचं वाटतं. युद्धात बेलग्रेड आणि क्रोएशियाची राजधानी झाग्रेब यांच्यातल्या थेट टेलिफोन लाइनही बंद पडल्या होत्या, पण तिसऱ्या देशात फोन लागत होता. शांततेसाठी काम करणाऱ्यांनी १९९२ मध्ये ‘झामिर’ नावाचं नेटवर्क उभं केलं. नावाचा अर्थच ‘शांततेसाठी’. दोन्ही शहरांतले संगणक मोडेमवरून जर्मनीतल्या बीलेफेल्डला फोन लावायचे, तिथे पत्रांची अदलाबदल व्हायची. शेजाऱ्याला लिहिलेलं पत्र जर्मनीला जाऊन यायचं.

आणि बंदी उठली कशी? सप्टेंबर १९९४ मध्ये ठराव ९४३ ने प्रवासी विमानं, खेळ आणि सांस्कृतिक देवाणघेवाण यांवरची बंदी सैल केली. वैज्ञानिक सहकार्य त्या यादीत नव्हतं. त्यासाठी नोव्हेंबर १९९५ मधल्या ठराव १०२२ पर्यंत थांबावं लागलं. साडेतीन वर्षं. डॉक्टरेट करणाऱ्याचं सगळं काम तेवढ्या काळात होतं किंवा बुडतं.

आज एकच तार कापून देश तुटत नाही, वाटा अनेक आहेत. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस युक्रेनने रशियाचं डोमेन, म्हणजे .ru सारखे इंटरनेट पत्ते, रद्द करण्याची मागणी केली, ती असे पत्ते सांभाळणाऱ्या ‘आयकॅन’ या संस्थेने मार्चमध्ये नाकारली. मात्र इंटरनेट जोडणी पुरवणाऱ्या कोजंट या मोठ्या अमेरिकी कंपनीने रशियन ग्राहकांची सेवा आपणहून थांबवली. आता फटका बहुधा वरच्या थरात, म्हणजे तारेवर चालणाऱ्या सेवांना बसतो. २०१९ मध्ये प्रोग्रामचा कोड ठेवण्याच्या ‘गिटहब’ या अमेरिकी सेवेने इराण, सीरिया आणि क्रायमियातल्या खात्यांवर निर्बंध आणले. इराणसाठी अमेरिकी सरकारचा परवाना मिळायला जानेवारी २०२१ उजाडलं.

योग्य आहे का? माझ्या मते नाही. शस्त्रं आणि पैसा अडवा, त्याला माझा विरोध नाही. सरकारकडे संपर्काचे दहा मार्ग असतात, संशोधकाकडे बहुतेक वेळा तो एकच. निर्बंध घालूनही माहिती मोकळी ठेवता येते. अमेरिकेच्याच कायद्यात १९८८ च्या बर्मन दुरुस्तीने पुस्तकं, नियतकालिकं अशी माहितीची साधनं व्यापारबंदीतून वगळली आहेत.

तुमच्या संस्थेवर अशी वेळ आलीच, तर ‘वरून आदेश आहे’ एवढ्यावर थांबू नका. आदेशाचा मूळ मजकूर मागा, त्यात नेमकं कोणाचं नाव आहे ते बघा आणि सूट लेखी मागा. घाबरलेला मधला माणूस आदेशापेक्षा जास्त तोडतो.